परदेशी निघण्याआधी कागद वाचा



आपल्या पनवेलला प्रवास नवा नाही. पूर्वी पनवेलच्या बंदराला गलबते लागत. तिथून बैलगाड्या माल घेऊन घाट चढत. पुढे मोटार आली. आगगाडी आली. आता विमानही दाराशी आले आहे. उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा या आणि आसपासच्या गावांच्या जमिनीवर नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली. नदीचे पात्र वळवले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने उडू लागली.

विमान जवळ आले म्हणजे परदेशही जवळ आला, असे पुष्कळांना वाटते. आपल्याकडची तरुण मुले दुबईला, मस्कतला, कुवेतला कामाला जातात. कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाते. कोणी हजला जाते, कोणी पशुपतिनाथाला. जाणे चांगलेच आहे. पण विमानतळावरून परत फिरलेली माणसेही आहेत. त्यांनी पैसे भरले होते. सामान बांधले होते. गावाने निरोपाचा नारळ दिला होता. मग अडले कशावर? एका कागदावर.

हे कागद कोणते, त्यांत काय पाहावयाचे, ते या पाठात सांगतो.

दारावरचे तीन प्रश्न

पनवेलहून पुण्याला जाताना ‘तू कोण, कशाला चाललास’ असे कोणी विचारीत नाही. देश आपला आहे. परदेश म्हणजे दुसऱ्याचे घर. दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण दार वाजवतो. आतला माणूस विचारतो, ‘कोण आहे? काय काम आहे?’ उत्तर पटले तर दार उघडते. नाही पटले तर नाही उघडत.

परदेशी जाताना असे तीन प्रश्न असतात.

पहिला प्रश्न: तुम्ही कोण? याचे उत्तर पासपोर्ट देतो.

दुसरा प्रश्न: कशासाठी आलात आणि किती दिवस राहणार? याचे उत्तर व्हिसा देतो.

तिसरा प्रश्न आपलेच सरकार विचारते: तुम्ही कामासाठी चालला आहात, तर तिथे तुमची फसवणूक होणार नाही ना? याचे उत्तर म्हणजे सरकारी मंजुरी. ती सर्वांना लागत नाही. पण कमी शिकलेल्या माणसाला बऱ्याच देशांसाठी लागते. म्हणून ती आपण नीट समजून घेऊ.

पासपोर्ट

पासपोर्ट हे निळ्या पुठ्ठ्याचे लहान पुस्तक असते. त्यात आपल्या राष्ट्रपतींच्या नावाने परदेशी सरकारांना विनंती केलेली असते, की या माणसाला अडवू नका, गरज पडल्यास मदत करा. केवढा मोठा मान आहे हा! शेतकरी असो, मजूर असो, मान सारखाच.

पासपोर्टसाठी सरकारच्या पासपोर्ट सेवा या संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो. मोठ्या माणसाच्या छत्तीस पानी पासपोर्टची सरकारी फी १,५०० रुपये आहे. ठरलेल्या दिवशी पासपोर्ट सेवा केंद्रात मूळ कागद घेऊन जावे लागते. काही शहरांत हे काम पोस्टाच्या कचेरीतही होते. तिथे फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. पोलीस चौकशी होते. मग पासपोर्ट टपालाने घरी येतो. मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो.

पासपोर्टवर नाव इंग्रजी अक्षरांत असते. तुम्ही मराठी वाचायला शिकलात. आता आपले नाव इंग्रजीत कसे दिसते, तेवढे ओळखायला शिका. आठ-दहा अक्षरांचे काम आहे. चार दिवसांत जमेल.

पासपोर्ट हाती आला की लगेच या गोष्टी पाहा.

एक. नाव आणि आडनाव बरोबर आहे का? एक अक्षर चुकले तरी दुरुस्त करून घ्या.

दोन. जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का?

तीन. मुदत केव्हा संपते? इथे पुष्कळ जण फसतात. ‘मुदत संपायला अजून चार महिने आहेत, मग काय झाले?’ असे त्यांना वाटते. पण कित्येक देशांचा नियम असा, की तुम्ही तिथे उतराल त्या दिवशी पासपोर्टची निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी. समजा, पासपोर्ट ३१ डिसेंबरला संपतो आणि तुम्ही १० ऑगस्टला निघालात. बोटांवर महिने मोजा. पाच महिनेही भरत नाहीत. विमान कंपनी तुम्हाला बसू देणार नाही. आधी नवा पासपोर्ट काढा, मग तिकीट.

चार. कोरी पाने आहेत का? शिक्का मारायला निदान दोन तरी असावीत.

आणखी एक गोष्ट. पासपोर्ट तुमच्या नावाचा असला, तरी तो भारत सरकारच्या मालकीचा असतो. तो गहाण टाकता येत नाही. परदेशातल्या मालकाने तो आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवणे योग्य नाही. व्हिसाच्या कामासाठी एजंटाला द्यावा लागला, तर लेखी पावती घ्या.

घरचे नाव आणि कागदावरचे नाव

माझे जुने विद्यार्थी कधी कधी कागद दाखवायला माझ्याकडे येतात. त्यांत नावाचा घोळ फार दिसतो. पासपोर्टवर पांडुरंग, तिकिटावर बाळू. साऱ्या गावाला ठाऊक असते, की बाळू म्हणजेच पांडुरंग. पण विमान कंपनीला काय ठाऊक?

बायकांचे तर आणखी अवघड. एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. म्हणून नियम एकच धरा. पासपोर्टवर जसे नाव आहे, तसेच व्हिसावर आणि तसेच तिकिटावर. तिकीट काढणाऱ्याला नाव तोंडी सांगू नका. पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यातले पाहून लिहायला सांगा.

व्हिसा

व्हिसा म्हणजे त्या देशाने दिलेली आत येण्याची परवानगी. पूर्वी तो पासपोर्टात शिक्का मारून किंवा चिकटवून देत. आता कित्येक देश तो कागदावर छापून किंवा मोबाइलवर पाठवतात. म्हणून खोटा व्हिसा बनवणेही सोपे झाले आहे. तो खरा आहे का, ते त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या शिकत्या मुलाला बसवा. पण ज्याने व्हिसा आणून दिला, त्यालाच ‘खरा आहे ना?’ असे विचारून काय उपयोग?

व्हिसावर नाव आणि पासपोर्टचा नंबर पाहा. पासपोर्टच्या नंबरात आधी एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात आकडे असतात. दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक आकडा बोटाने ताडून पाहा.

मग मुदत पाहा. व्हिसावर दोन मुदती असू शकतात. कोणत्या तारखेच्या आत शिरावयाचे, ही एक. शिरल्यावर किती दिवस राहावयाचे, ही दुसरी. या दोन्ही एक समजू नका. जास्त राहिलात तर दंड होतो. पुन्हा येण्याची बंदीही होऊ शकते.

शेवटी व्हिसाचा प्रकार पाहा. भेटीचा व्हिसा वेगळा, नोकरीचा वेगळा, हजचा वेगळा. भेटीच्या व्हिसावर काम करणे हा त्या देशात गुन्हा ठरतो. सौदी अरेबियात भेटीच्या व्हिसावर हजही करू देत नाहीत.

नियम बदलत असतात. शेजारी गेल्या वर्षी गेला, तेव्हाचा नियम आज असेलच असे नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा चौकशी करा.

तीन अक्षरे: ई. सी. आर.

तुम्ही दहावी पास नसाल, तर हा भाग दोनदा वाचा.

तुमच्या पासपोर्टवर ई. सी. आर. असे छापले आहे का, ते पाहा. याचा अर्थ असा: हा माणूस ठरावीक देशांत कामाला निघाला, तर आधी सरकारने चौकशी करावी. हा काही डाग नाही. हे तुमच्या संरक्षणासाठी आहे. दहावी पास झालेले, पन्नाशी उलटलेले, आयकर भरणारे अशांना ही चौकशी लागत नाही. तुम्ही पुढे दहावी पास झालात, तर नवा पासपोर्ट काढून ही अक्षरे काढून टाकता येतात.

असे अठरा देश आहेत. संयुक्त अरब अमिरात (दुबई, अबूधाबी, शारजा त्यातच येतात), सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, इराक, जॉर्डन, लेबनॉन, येमेन, सीरिया, लिबिया, सुदान, दक्षिण सुदान, अफगाणिस्तान, मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंड.

यांपैकी कुठेही कामाला जाताना सरकारची मंजुरी लागते. हा नियम १९८३ च्या कायद्याने आला. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला उत्प्रवासी संरक्षक म्हणतात. म्हणजे देशाबाहेर कामाला जाणाऱ्यांचा राखणदार. त्याची कचेरी मुंबईत आहे. अर्ज ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून होतो. मालक कोण, पगार किती, करार काय, हे तिथे पाहिले जाते. प्रवासी भारतीय विमा योजनेत विमाही उतरवावा लागतो. कामगार अपघाताने गेला किंवा कायमचा अपंग झाला, तर दहा लाख रुपयांचे संरक्षण त्यात आहे. हप्ता मात्र काही शे रुपयांचा.

नुसते फिरायला, मुलाला भेटायला किंवा तीर्थयात्रेला चालला असाल, तर ही मंजुरी लागत नाही. तेव्हा व्हिसा आणि परतीचे तिकीट जवळ ठेवा.

आता फसवणूक कुठे होते ते पाहा. एजंट म्हणतो, ‘मंजुरीच्या भानगडीत कशाला पडता? भेटीच्या व्हिसावर चला. तिथे गेल्यावर नोकरीचा करून देऊ.’ विमानतळावर विचारले तर ‘फिरायला चाललो’ असे सांगा, हेही तो पढवतो. तुम्ही तसे बोललात, की तुमची नोंद फिरायला गेलेला माणूस अशी झाली. मग करार नाही. मंजुरी नाही. विमा नाही. तिथे मालकाने पगार बुडवला तर कोणता कागद दाखवाल?

मुलगा सुशिक्षित आहे म्हणून निर्धास्त राहू नका. थायलंडात संगणकावरची नोकरी देतो असे सांगून कित्येक तरुणांना नेले. तिथून त्यांना म्यानमारच्या सरहद्दीवर ठगांच्या अड्ड्यांत पोचवले. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारने वायुदलाच्या विमानांतून पाचशेहून अधिक जणांना परत आणले. त्यांतले पुष्कळ जण शिकलेले होते. वाचता येणे वेगळे आणि वाचून पाहणे वेगळे.

एजंट खरा की खोटा?

परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाची सरकारदरबारी नोंदणी असावी लागते. त्याला नोंदणीचा क्रमांक विचारा. तो क्रमांक ई-मायग्रेटवर आहे का, ते शोधा. आपल्या सरकार सेवा केंद्रातला मुलगा दोन मिनिटांत शोधून देईल.

एजंट आपल्या सेवेसाठी कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, एवढेच घेऊ शकतो. कोणी लाख, दोन लाख मागू लागला तर तिथूनच उठा. पैसे रोख देऊ नका. बँकेतून द्या आणि पावती घ्या. गावात फिरणारा ‘त्याचा माणूस’ म्हणजे दलालाचा दलाल. त्याला कायद्यात जागा नाही. तो ओळखीचा असतो, पाहुण्यांतला असतो, चहा पिऊन जातो. पण ओळख म्हणजे पावती नव्हे.

जमीन गहाण टाकण्याआधी एवढी चौकशी करा. जमीन एकदा गेली की परत येणे कठीण.

करार आणि अंगठा

पूर्वीची एक हकिगत सांगतो. १८३४ पासून इंग्रजांनी हिंदुस्थानातली माणसे मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत कामाला नेली. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे तिथे गेली. मुंबई बंदरातून आपल्या कोकणातली माणसेही गेली. त्यांच्याकडून करार करून घेत. कराराला इंग्रजीत अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. मजुरांच्या तोंडी त्याचे गिरमिट झाले. हे सुताराचे गिरमिट नव्हे. पण भोक पाडणारे खरेच. बहुतेक मजुरांना अक्षर येत नव्हते. त्यांनी कागदावर खूण केली आणि बोटीत चढले. किती वर्षे, किती मजुरी, काम चुकले तर काय शिक्षा, हे पुष्कळांना तिथे गेल्यावर कळले. ज्या घाटाच्या पायऱ्यांवरून ही माणसे उतरली, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. त्या मराठी माणसांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. त्यांनी कष्टाने नाव काढले. पण पहिल्या पिढीने जे सोसले, ते न वाचलेल्या कागदापायी सोसले.

तुम्ही आता अंगठेबहाद्दर नाही. तुमची सही तुमची आहे. म्हणून करारात पुढील गोष्टी पाहा. काम कोणते? पगार किती आणि कोणत्या चलनात? रोज किती तास? सुट्टी कोणती? राहणे, जेवण, औषधपाणी कोण देणार? परतीच्या तिकिटाचा खर्च कोणाचा? करार इंग्रजीत किंवा अरबीत असेल, तर जाणत्याकडून मराठीत समजून घ्या. समजल्याखेरीज सही करू नका. सही केल्यावर एक प्रत मागून घ्या. तिथे गेल्यावर दुसराच करार पुढे केला, तर ही प्रत उपयोगी पडते.

तिकीट नीट पाहा

तिकिटावर आधी विमानतळ पाहा. मुंबईसाठी आता दोन विमानतळ झाले. एक अंधेरीजवळचा सहारचा, दुसरा आपला नवी मुंबईचा. सहारच्या विमानतळाची खूण बी. ओ. एम. अशी असते. नवी मुंबईची एन. एम. आय. अशी असते. एका ठिकाणचे तिकीट असून दुसऱ्या ठिकाणी पोचलात, तर विमान थांबत नाही.

मग वेळ पाहा. परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्री सुटतात. समजा, तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:३० आहे. म्हणजे रात्रीचे साडेबारा. आपण त्याला १४ तारखेची रात्र म्हणतो. पण घड्याळाच्या हिशेबाने बारा वाजले की १५ तारीख लागली. तेव्हा तुम्हाला १४ तारखेच्या रात्री विमानतळावर हजर राहावयाचे आहे. १५ च्या रात्री गेलात, तर विमान आदल्या दिवशीच गेलेले असेल. निदान तीन तास आधी पोचा.

वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलावयाचे असेल, तर त्या देशाचा काही वेगळा परवाना लागतो का, तेही विचारा.

नेपाळला जाताना

नेपाळला जाण्यास भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तर निवडणुकीचे ओळखपत्र चालते. पण पुष्कळ जण आधार कार्ड घेऊन निघतात. पंधरा वर्षांखालची मुले आणि पासष्टीपुढची वृद्ध माणसे सोडली, तर विमानाने नेपाळला जाताना आधार चालत नाही. पशुपतिनाथाची यात्रा ठरवताना हे ध्यानात ठेवा.

सामान

आपल्या घरात जे पुण्याचे, ते दुसऱ्याच्या देशात गुन्ह्याचे असू शकते. दिवाळीच्या अनारशांना खसखस लावतो ना? दुबईत आणि सौदी अरेबियात खसखशीला बंदी आहे. खसखस अफूच्या बोंडातून येते म्हणून. विड्याची पानेही दुबईला नेऊ नका. औषधे न्यावयाची तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. गुंगीची आणि काही खोकल्याची, दुखण्याची औषधे तिथे मना आहेत. आफ्रिकेतल्या काही देशांत जाण्याआधी पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते आणि तिचे कार्ड दाखवावे लागते.

दुसऱ्याचे पुडके घेऊ नका. ‘माझ्या भावाला तेवढे द्या’ असे कोणी म्हणाले, तर हात जोडा. पुडक्यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसते. पण पकडले तुम्हालाच जाते.

विमानतळावर काय होते?

दारावर पोलीस तिकीट आणि पासपोर्ट पाहतो. मग विमान कंपनीच्या खिडकीवर सामान देतात. इथे तुमचा व्हिसा तपासला जातो. विमान कंपनीला याची काळजी का? कारण अपुऱ्या कागदाचा माणूस तिने नेला, तर त्याला परत आणणे तिच्यावर येते आणि पुष्कळ देशांत दंडही होतो. पुढे सरकारी अधिकारी पासपोर्टवर शिक्का मारतो. ई. सी. आर. असल्यास मंजुरीही पाहतो. मग अंगझडती आणि शेवटी विमान. अधिकाऱ्याने जे विचारले त्याचे खरे आणि थोडक्यात उत्तर द्या. पढवलेले उत्तर दुसऱ्या प्रश्नाला अडखळते.

घरी एक प्रत ठेवा

पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा आणि तिकीट यांच्या प्रती काढून घरी पेटीत ठेवा. मालकाचा पत्ता आणि फोनही लिहून ठेवा. तिकडे काही कमीजास्त झाले, तर घरच्या माणसाने धावाधाव कशाच्या आधारावर करावयाची? त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा पत्ता आणि फोन तुमच्या खिशात असू द्या. प्रवासी कामगारांसाठी सरकारचा मदतीचा फोन आहे: १८०० ११ ३०९०. भारतातून त्याला पैसे पडत नाहीत.

निघण्याच्या आठ दिवस आधी सगळे कागद चटईवर मांडा. घरच्या माणसांना भोवती बसवा. त्यांच्यासमोर या प्रश्नांची उत्तरे मोठ्याने वाचा.

१. पासपोर्टची मुदत पोचण्याच्या दिवसापासून सहा महिने आहे का?

२. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट यांवरचे नाव अक्षरन्‌अक्षर सारखे आहे का?

३. व्हिसा कोणत्या कामाचा आहे? किती दिवसांचा?

४. पासपोर्टवर ई. सी. आर. आहे का? असल्यास कामाची मंजुरी आणि विमा झाला का?

५. एजंटाचा नोंदणी क्रमांक स्वतः पाहिला का? पैशाची पावती कुठे आहे?

६. कराराची प्रत घरी ठेवली का?

७. विमान कोणत्या विमानतळावरून, कोणत्या रात्री?

एका प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर जाणे पुढे ढकला. विमान उद्याही आहे.